कोंबड्यांची मरतुक लपवू नका

या सदरात आजवर मी माणसांच्या आजारांविषयी लिहीत आलो. आज कोंबड्यांविषयी लिहितो आहे, म्हणून काही वाचक हसतील. परंतु थंडी पडू लागली आणि वर्तमानपत्रात कुठेतरी दोन ओळींची बातमी आली, की दवाखान्यात कोणी ना कोणी विचारतेच, "डॉक्टरसाहेब, बर्ड फ्लू आलाय म्हणतात. चिकन खावे की नाही?" या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येते व ते मी पुढे देणारच आहे. मात्र माझ्या मते प्रश्नच थोडा चुकीच्या जागी पडतो. ताटातल्या कोंबडीपेक्षा खुराड्यातल्या कोंबडीची चिंता अधिक करायला हवी. नीट शिजलेल्या मांसातून हा रोग होत नाही. आजारी कोंबडी हातात धरणारा, ती कापणारा, तिची पिसे उपटणारा आणि खुराडे झाडणारा माणूस धोक्यात असतो. आपल्या खेड्यापाड्यांत हा माणूस म्हणजे बहुतेक वेळा घरची बाई, नाहीतर शाळेतून आलेले पोर.

बर्ड फ्लू हा चीन-हाँगकाँगकडचा, टीव्हीवर दिसणारा रोग आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी जरा नकाशा उघडावा. भारतात हा रोग सर्वप्रथम अधिकृतपणे सापडला तो नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे. तारीख होती १८ फेब्रुवारी २००६. आपल्या नामपूरहून ताहाराबाद, पिंपळनेर करीत गेले की नवापूर लागते. बागलाणच्या माणसाला ते काही परमुलूख नव्हे. तेथील पोल्ट्री शेडमध्ये कोंबड्या मरू लागल्या, तेव्हा सुरुवातीला ती राणीखेतची, म्हणजे आपण ज्याला मानमोडी म्हणतो त्या रोगाची मरतुक समजली गेली. समजूत अगदीच वेडगळ नव्हती. दोन्ही रोग वरवर सारखेच दिसतात आणि मानमोडी दरवर्षीची पाहुणी. पण भोपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला आणि पांढऱ्या पोशाखातली, तोंडाला मास्क लावलेली माणसे नवापूरच्या शेडमध्ये उतरली. लाखो कोंबड्या मारून खड्ड्यांत पुरल्या गेल्या. घरोघर जाऊन माणसांची तपासणी झाली. सुदैवाने त्या वेळी एकाही माणसाला लागण झाल्याचे सिद्ध झाले नाही.

पुढच्याच महिन्यात, मार्च २००६ मध्ये, रोग जळगाव जिल्ह्यात निघाला. तेथे तो मोठ्या शेडमध्ये नव्हता, परसातल्या कोंबड्यांत होता. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. "आमच्याकडे काय, दहा-पाच गावरान कोंबड्या आहेत, आम्हाला कशाचा बर्ड फ्लू," असे म्हणणाऱ्यांनी ती ध्यानात ठेवावी. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावी थोड्याच दिवसांत आठशेच्या वर कोंबड्या मेल्या. तपासणीत बर्ड फ्लूच निघाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत नवापूरला तो पुन्हा आला. जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातील उदगीर शहरात कावळे मरून पडले, तेही याच रोगाने. अशी ही ये-जा वीस वर्षे चालू आहे आणि ती थांबेल अशी चिन्हे नाहीत.

या रोगाचा विषाणू इन्फ्लुएन्झाच्याच कुळातला. माणसाला दर पावसाळ्या-हिवाळ्यात जो फ्लू होतो, त्याचा हा चुलतभाऊ म्हणा. याचे बरेच प्रकार आहेत. त्यांतला एच५एन१ हा सर्वांत कुप्रसिद्ध. १९९७ साली हाँगकाँगमध्ये त्याने प्रथम माणसांना गाठले. १८ जणांना लागण झाली व त्यांतले ६ दगावले. तेथील सरकारने शहरातल्या झाडून साऱ्या कोंबड्या मारल्या तेव्हा ती साथ थांबली. जाता जाता एक आठवण देतो. १९१८ साली आपल्याकडे इन्फ्लुएन्झाची जी भयंकर साथ आली, तिलाही लोकांनी मानमोडी हेच नाव दिले होते. घरातल्या आजीच्या आजीकडून ऐकलेल्या गोष्टींत ते अजून सापडेल. कोंबडीची मानमोडी आणि माणसाची मानमोडी यांचे विषाणू वेगळे. पण ती साथ आणणारा विषाणू पक्ष्यांच्या फ्लूशी नाते सांगणारा होता, असे शास्त्रज्ञांना नंतर आढळले. जुन्या माणसांनी नाव ठेवताना काही असा विचार केला नसेल, तरी गंमत वाटते खरी.

रोग येतो कुठून? मूळ घर रानबदके व पाणपक्षी यांचे. हिवाळ्यात उत्तरेकडून हजारो पक्षी आपल्या धरणांवर उतरतात. निफाडजवळचे नांदूरमधमेश्वर त्यासाठी प्रसिद्धच आहे. मोसमवरच्या हरणबारीच्या पाण्यावरही बदके दिसतात. त्यांतली काही स्वतः फारशी आजारी न पडता विषाणू बाळगतात आणि त्यांच्या विष्ठेतून तो पाण्यात, चिखलात उतरतो. थंडीत हा विषाणू चिवट होतो. कोंबडीच्या विष्ठेत तो चार अंश तापमानाला महिनाभराहूनही अधिक तग धरतो, तर ३७ अंशांच्या उष्म्यात आठवडाभरही टिकत नाही. म्हणून या रोगाच्या बातम्या पौष-माघात जास्त येतात आणि वैशाखाचे ऊन त्याला सोसत नाही.

पण म्हणून साऱ्याचे खापर बिचाऱ्या बदकांवर फोडू नये. रानपक्षी रोग गावाच्या वेशीपर्यंत आणतात. वेशीतून आत, एका खुराड्यातून दुसऱ्यात, एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये तो नेण्याचे काम माणूसच करतो. चपलेच्या तळाला लागलेली विष्ठा, कोंबड्या भरण्याचे प्लास्टिकचे कॅरेट, अंड्यांचे ट्रे, खाद्याची गाडी, रात्रीतून चार शेड रिकामे करणारी पकडणाऱ्यांची टोळी, ही सगळी त्याची वाहने. परसातल्या कोंबड्यांच्या बाबतीत सर्वांत मोठे वाहन म्हणजे आठवडे बाजार. सायकलच्या हँडलला उलट्या टांगून कोंबड्या बाजारात न्यायच्या, दिवसभर दहा गावच्या कोंबड्यांशेजारी ठेवायच्या आणि न विकलेल्या दोन पुन्हा घरी आणून त्याच खुराड्यात सोडायच्या, हे आपण सर्रास पाहतो. त्या दोन कोंबड्या बाजार घेऊन येतात.

लपवाछपवीचे मूळ

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. मागे मोसमकाठच्या एका वस्तीवरून एक आजी नातवाला घेऊन दवाखान्यात आल्या. पोराला ताप, खोकला. तपासता तपासता मी सवयीने विचारले, घरात आणखी कोणी आजारी आहे का? आजी म्हणाल्या, माणसे ठीक आहेत, कोंबड्याच तेवढ्या गेल्या. पंधरा दिवसांत अकरा कोंबड्या मेल्या होत्या. पहिल्या दोन, मान टाकायच्या आत कापून, घरात खाल्ल्या. एक स्वस्तात विकली. बाकीच्या नाल्यात टाकल्या. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवले का, असे विचारल्यावर आजींनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मीच काही भलते बोललो. त्या म्हणाल्या, "दादा, कळवले असते तर साऱ्या गल्लीच्या कोंबड्या नेल्या असत्या. मग गल्लीने मला पाणी तरी भरू दिले असते का?"

पोराचा ताप साधा होता, तीन दिवसांत उतरला. वस्तीवर पशुवैद्यकीय डॉक्टर जाऊन आले. मरतुक मानमोडीची निघाली. म्हणजे भिण्यासारखे काही झाले नाही. परंतु आजींचे ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, कारण बर्ड फ्लूच्या सगळ्या प्रश्नाचे मूळ त्यात आहे. औषध नाही, लस नाही याहीपेक्षा माणसाला सांगायची भीती वाटते ही मोठी अडचण आहे. हातावर पोट असलेल्या बाईला दहा कोंबड्या म्हणजे तिची बँक असते. पोराची वही-पेन्सिल, आजारपणातली पन्नासची नोट, पाहुणा आला तर कालवण, सारे त्या खुराड्यातून निघते. कर्ज काढून पाच हजार पक्ष्यांचे शेड बांधलेल्या तरुणाची भीती त्याहून मोठी. तेव्हा "कळवत का नाही" म्हणून त्यांच्यावर डाफरण्यात अर्थ नाही. हिशेब मात्र नीट समजावून दिला पाहिजे, कारण लपवण्यातला हिशेब चुकतो.

तो असा. रोग सिद्ध झाल्यावर शासन जे पक्षी मारते त्यांची भरपाई मालकाला मिळते. आपोआप मेलेल्या पक्ष्यांची मिळत नाही. २०२१ च्या साथीत महाराष्ट्रात आठ आठवड्यांवरच्या अंड्याच्या कोंबडीला ९० रुपये, सहा आठवड्यांवरच्या मांसाच्या कोंबडीला ७० रुपये, लहान पिलाला २० रुपये, अंड्याला ३ रुपये आणि नष्ट केलेल्या खाद्याला किलोमागे १२ रुपये असा दर होता. सध्याचा दर पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावा. गावरान कोंबडीची बाजारातली किंमत पाहता हे पैसे थोडेच आहेत, हे मी मान्य करतो. शासनाने ते वाढवावेत असेही माझे मत आहे. पण पहिल्या दिवशी चार मेल्यावर कळवले तर उरलेल्या सहांचे पैसे मिळतात. आठवडाभर गप्प बसले तर दहाही जातात, पैसा एकही मिळत नाही, शिवाय तोवर रोग शेजारी पोहोचलेला असतो. सध्याच्या नियमाप्रमाणे रोग जेथे सापडला तेथून १ किलोमीटरच्या आतले पक्षी मारले जातात व १० किलोमीटरपर्यंत देखरेख असते. रोग एका घरात असताना कळला तर एक वर्तुळ पडेल. चार वस्त्यांत पसरल्यावर कळला तर चार पडतील. आजींची गल्ली वाचण्याचा मार्ग लवकर सांगण्यातच होता.

आणि कायद्याचेही एक आहे. प्राण्यांच्या साथीच्या रोगांसंबंधीच्या २००९ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे अशा आजाराची खबर देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. खबर ग्रामपंचायतीत किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात द्यावी. १९६२ हा पशुसेवेचा फोन क्रमांकही आहे. खबर दिली म्हणजे लगेच कोंबड्या मारतात असेही नाही. आधी डॉक्टर येऊन पाहतात, नमुने पुण्याच्या औंध येथील रोग अन्वेषण विभागाकडे आणि तेथून भोपाळला जातात, आणि बर्ड फ्लू सिद्ध झाला तरच पुढचे. बहुतेक वेळा निघते ती मानमोडी.

ओळखावे कसे?

मी माणसांचा डॉक्टर. पण पशुवैद्यक मित्रांकडून शिकलेले सांगतो. कालपर्यंत दाणे टिपणाऱ्या कोंबड्या एकाएकी, एकापाठोपाठ मरू लागणे हे सर्वांत मोठे लक्षण; कित्येकदा दुसरे काही दिसायच्या आतच त्या मरतात. तुरा आणि गळ्याखालची लोंबती कातडी निळी-जांभळी पडते, डोके सुजते, पायांवर तांबडे डाग दिसतात, नाका-चोचीतून पाणी गळते, हिरवट हगवण लागते. अंडी एकदम कमी होतात किंवा मऊ कवचाची पडतात. मानमोडीतही यातले पुष्कळ दिसते, शिवाय मान पिळवटते. डोळ्यांनी पाहून दोहोंतला फरक पशुवैद्यकालाही खात्रीने सांगता येत नाही, मग तुम्ही-आम्ही कोण? म्हणून मानमोडीची लस टोचलेल्या कोंबड्या पटापट मेल्या तर संशय अधिक घ्यावा. आसपास कावळे, बगळे मेलेले दिसले तर तेही सांगावे.

मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नये. हातात प्लास्टिकची पिशवी घालून तो उचलावा, दुहेरी पिशवीत बांधून कुत्री-मांजरे पोहोचणार नाहीत अशा जागी ठेवावा व डॉक्टर येईपर्यंत थांबावे. नदी-नाल्यात, उकिरड्यावर अजिबात टाकू नये. आपल्या मोसमचे पाणी पुढे मालेगावपर्यंत जाते, हे वेगळे सांगायला नको. राहिलेल्या कोंबड्या कोंडून ठेवाव्यात. एकही विकू नये, कोणाला देऊ नये आणि "मरण्यापेक्षा कापून खाऊ" हा विचार तर मुळीच करू नये.

या शेवटच्या गोष्टीवर थोडे थांबतो, कारण माझ्या विषयाचा तोच भाग आहे. माणसांना लागण झालेल्या ठिकाणी डॉक्टरांनी बारकाईने चौकशी केली तेव्हा अनेकदा आढळले ते असे, की आजारी किंवा मेलेली कोंबडी घरात कापली गेली होती, तिची पिसे काढली गेली होती. गरम पाण्यात बुडवून पिसे उपटताना वाफेबरोबर आणि शिंतोड्यांबरोबर विषाणू नाका-डोळ्यांत जातो. पोटातली आतडी काढताना तर अधिकच. खाणारा बिनघोर आणि सोलणारी आजारी, असा उलटा न्याय आहे. खुराडे झाडतानाही हेच. वाळलेली विष्ठा कोरडी झाडली की धुरळा उडतो. आधी पाणी शिंपडावे, नाका-तोंडाला मास्क किंवा निदान ओढणी-उपरणे घट्ट बांधावे, झाडून झाल्यावर हातपाय साबणाने धुवावेत. हा विषाणू चरबीच्या पातळ वेष्टनात गुंडाळलेला असतो आणि साबणाने ते वेष्टन फाटते. चार-पाच रुपयांची वडी येथे महागड्या जंतुनाशकाइतके काम करते. रात्री कोंबड्या घरात, पोरांच्या अंथरुणाशेजारी डालग्याखाली झाकून ठेवण्याची रीत मात्र सोडलीच पाहिजे. मुंगसा-मांजराची भीती मला कळते. पण जाळी लावलेले खुराडे अंगणात, घरापासून थोडे दूर असावे.

खुराडे व शेड यांच्याबद्दल आणखी थोडे. दाणा-पाणी उघड्यावर ठेवले की चिमण्या, कावळे, पारवे जेवायला येतात. ते छताखाली द्यावे व उरलेले उचलून घ्यावे. नदी-धरणावरून आणलेले पाणी तसेच पाजू नये. बदके व कोंबड्या एकत्र पाळू नयेत. बाजारातून आणलेली किंवा पाहुण्याने दिलेली कोंबडी तीन आठवडे वेगळी ठेवावी. घरच्या कोंबड्यांना आधी दाणा घालावा, नवीला शेवटी. शेडवाल्यांनी दारात औषधाच्या पाण्याचे टोपले ठेवलेले असते, पण त्यात महिनाभराचा चिखल साठलेला मी स्वतः पाहिला आहे. घाणीत औषध मरते. आधी बूट घासून चिखल काढावा, मग औषधात पाय बुडवावा आणि ते पाणी रोज बदलावे. त्याहून सोपे म्हणजे शेडमध्ये घालायची चप्पल वेगळीच ठेवावी व ती शेडबाहेर आणूच नये. कॅरेट, ट्रे, गाडीची चाके धुतल्याशिवाय आत येऊ देऊ नयेत. कंपनीचा सुपरवायझर असला तरी त्याला हे सांगायला संकोचू नये. तोही दिवसात दहा शेड फिरून आलेला असतो. आणि गावच्या हौशी मंडळींनी "पाहू तरी पोल्ट्री कशी असते" म्हणून आत शिरू नये.

पिंजऱ्यातले पक्षी व मांजरे

लव्हबर्ड पाळण्याची हौस अलीकडे आपल्याकडेही वाढली आहे. कबुतरांचे शौकीन तर पूर्वीपासून आहेत. हे पक्षी पिंजऱ्यात असल्याने तुलनेने सुरक्षित असतात, मात्र पिंजरा गच्चीवर वा अंगणात उघडा टांगला तर कावळ्या-पारव्यांची विष्ठा वरून आत पडते. वर पत्रा किंवा जाड कापड घालावे, पिंजऱ्याखालचा कागद रोज बदलावा. कबुतरांना हा रोग सहजी होत नाही असे दिसते, पण ती दिवसभर कुठेकुठे उतरून येतात आणि पायांना घाण लावून आणू शकतात. साथ असेल त्या काळात ती उडवू नयेत. कोंबड्यांचे खुराडे आणि कबुतरांचा खुराडा एकाच माणसाने एकाच कपड्यांत झाडू नये. देशी पोपटाबद्दल वेगळे सांगावे लागेल. तो पाळणे वन्यजीव संरक्षण कायद्याने मुळात गुन्हाच आहे. त्याच्या आरोग्याचा सल्ला मी देत नाही.

मांजराचा उल्लेख पाहून आश्चर्य वाटेल. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा येथील बचाव केंद्रात तीन वाघ व एक बिबट्या मेले आणि तपासणीत त्यांना बर्ड फ्लू झाल्याचे आढळले. त्यानंतर लगेचच शेजारच्या मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात पाळीव मांजरांतही तो सापडला. मांजर-वाघाच्या कुळाला हा विषाणू फार लवकर पकडतो. चिकनच्या दुकानातून आणलेले कच्चे पाय, आतडी घरच्या माऊला घालणारे पुष्कळ आहेत. ते शिजवून घालावे, नाहीतर घालू नये. मांजर पोरांच्या पांघरुणात झोपते, म्हणून सांगतो.

माणसाला झाला तर

भिऊन जाऊ नये इतके हे माणसांत दुर्मीळ आहे, आणि हसण्यावारी नेऊ नये इतके ते घातक आहे. २००३ पासून आजवर जगभरात एच५एन१ चे हजाराच्या आसपास रुग्ण नोंदले गेले, त्यांतले जवळजवळ निम्मे दगावले. भारतात २०२१ साली हरियाणातील एका अकरा वर्षांच्या मुलाचा दिल्लीच्या एम्समध्ये मृत्यू झाला. मार्च २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातील पालनाडू जिल्ह्यात दोन वर्षांची मुलगी गेली; तिने कच्च्या कोंबडीचा तुकडा तोंडात घातला होता, असे घरच्यांनी सांगितले. आपल्या महाराष्ट्रातही २०१९ साली मेळघाटातील एका लहान बालकाला एच९एन२ या सौम्य प्रकाराची लागण झाल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला आढळले होते. ते बालक बरे झाले. एका माणसाकडून दुसऱ्याला हा रोग सहजपणे लागत नाही, ही त्यातली जमेची बाजू. विषाणू मात्र सतत रूप बदलत असतो. एकाच माणसाच्या शरीरात साधा फ्लू आणि पक्ष्यांचा फ्लू एकदम शिरले, तर दोघांच्या मिश्रणातून नवा प्रकार निघू शकतो. याच कारणाने पोल्ट्रीत काम करणाऱ्यांनी दरवर्षी साध्या फ्लूची लस घ्यावी, असा माझा आग्रह असतो. ती लस बर्ड फ्लू रोखत नाही, पण अशी सरमिसळ होण्याची शक्यता कमी करते.

लक्षणे सुरुवातीला साध्या फ्लूचीच: जोराचा ताप, अंगदुखी, खोकला, घसा दुखणे, काहींचे डोळे लाल होतात, काहींना जुलाब. वाईट रुग्णात चार-सहा दिवसांत धाप लागते व न्यूमोनिया होतो. यावर ओसेल्टामिविर हे औषध आहे. ते पहिल्या दोन दिवसांत मिळाले तर उत्तम काम करते, उशिरा तितके नाही. म्हणून आजारी वा मेलेल्या कोंबड्यांशी संबंध आल्यानंतर दहा दिवसांत ताप आला, तर ती गोष्ट डॉक्टरांना आपणहून सांगावी. आम्ही दर रुग्णाला कोंबड्यांविषयी विचारत बसत नाही. गर्दीच्या वेळी तर नाहीच. "साहेब, आमच्या कोंबड्या मेल्यात" एवढे शब्द पुरेत. मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून चार दिवस काढणे या आजारात परवडणारे नाही. गरोदर बायका, दमेकरी, साखरेचे रुग्ण यांना साथीच्या दिवसांत खुराड्याच्या कामातून सूट द्यावी.

आणि आता तो चिकनचा प्रश्न. खुशाल खावे, पूर्ण शिजवून. ७० अंशांच्या वर हा विषाणू टिकत नाही, आणि आपला काळ्या मसाल्याचा रस्सा त्याच्या कितीतरी पुढे उकळतो. मांसाचा आतला भाग गुलाबी राहता कामा नये, एवढेच पाहावे. अंडे पूर्ण उकडावे. अर्धकच्चे हाफफ्राय साथीच्या दिवसांत टाळावे. तालमीतली मुले दुधात कच्चे अंडे फोडून पितात, त्यांनी तर हे वाचून उस्तादांनाही दाखवावे. उकडलेल्या अंड्यातली ताकद कमी होत नाही. उलट त्यातली प्रथिने अधिक चांगली पचतात. कच्चे चिकन नळाखाली खळखळून धुऊ नये, शिंतोडे भांड्यांवर उडतात. ज्या विळीवर-सुरीने ते कापले त्यावर लगेच कोथिंबीर चिरू नये. २००६ साली नवापूरच्या बातमीने कोंबडीचा भाव कोसळला, तसा तो २०२० मध्ये कोरोनाच्या अफवेनेही कोसळला होता; कोंबडीचा आणि कोरोनाचा काही संबंध नसताना. अशा अफवांनी गरीब पोल्ट्रीवाला मरतो आणि मग पुढच्या वेळी खरोखर मरतुक झाली तरी तो तोंड उघडत नाही. मोबाइलवर आलेला मजकूर पुढे पाठवण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यात एक फोन करायला काय हरकत आहे?

राहता राहिली लस. बर्ड फ्लूच्या एच५एन१ सारख्या घातक प्रकारासाठी आपल्याकडे कोंबड्यांना लस देण्याचे धोरण आजवर नाही. रोगी कळप नष्ट करणे हाच मार्ग ठेवलेला आहे. परंतु मानमोडीची लस आहे, स्वस्त आहे आणि ती प्रत्येकाने टोचून घ्यावी. पहिल्या आठवड्यात पिलाच्या डोळ्यात वा नाकात एक थेंब आणि दोन महिन्यांची झाल्यावर टोचणी, असा साधारण क्रम असतो. यात एक व्यावहारिक अडचण येते. कुपी शंभराच्या वर पक्ष्यांची असते आणि एकदा कालवली की दोन तासांच्या आत संपवावी लागते, म्हणून दहा कोंबड्यांची मालकीण एकटी दवाखान्यात जायला कचरते. गल्लीतल्या, वस्तीवरल्या पंधरा-वीस घरांनी मिळून एक दिवस ठरवावा. आदल्या संध्याकाळी कोंबड्या कोंडून ठेवाव्यात, सकाळी ऊन चढण्याआधी बर्फ घातलेल्या थर्मासमधून लस आणावी आणि पशुवैद्यकीय कर्मचाऱ्याला वस्तीवरच बोलवावे. थंडी जोर धरण्यापूर्वीचे दिवस त्यासाठी चांगले.